पेटीतला एकच होकार

इनिशडू बेट,
रविवार, १५ जून २००८

प्रिय जार्लथ,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चर्चपर्यंत नेतो आणि आणतो. बटाटे यंदा चांगले लागलेत. तू नाताळला कार्ड पाठवतोस, त्यात सहीशिवाय एक शब्द नसतो, म्हणून तुझी तब्येत मला सहीच्या वळणावरून ओळखावी लागते. यंदा वळण बरं होतं.

तिकडे कॉव्हेंट्रीच्या वर्तमानपत्रांत आलंच असेल. युरोपच्या नव्या करारावर देशभर मत घेतलं, आणि आम्ही 'नाही' म्हटलं. टीव्हीवर ब्रसेल्सची माणसं अशी तोंडं करून बसली होती, की जणू आम्ही त्यांच्या ताटात थुंकलो. डब्लिनचे मंत्री तर शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे दिसत होते. आमच्याकडे मात्र मार्टीच्या दुकानात गाणी चालू होती. मार्टीने मागच्या बारमध्ये पहिला पेला सगळ्यांना फुकट दिला, आणि मार्टी फुकट काही देतो म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

करारात काय होतं ते विचारू नकोस. पोस्टाने एक जाडजूड पुस्तिका आली होती. मार्टीने ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली, टेबल आता हलत नाही. आमचं मत करारावर नव्हतंच, जाळ्यांवर होतं. गेल्या वर्षी सामन माशाची समुद्रातली जाळी बंद केली ना, ते आम्ही विसरलो नाही. सरकार म्हणालं, युरोपने करायला लावलं. पॅट्सी म्हातारा, ज्याच्या चार पिढ्या सामनवर जगल्या, तो धक्क्यावर बसून जाळ्याच्या गाठी सोडवत होता, विकायला म्हणून. तेव्हाच मला वाटलं, हे कुणाला तरी महागात पडणार.

मे महिन्यात चर्चमध्ये मासची प्रार्थना झाल्यावर पॅट्सीने सगळ्यांना हॉलमध्ये थांबवलं. म्हणाला, "हे बघा, देश काय करायचं ते करेल. पण आपल्या पेटीतून एकसुद्धा 'होय' निघता कामा नये. अख्ख्या आयर्लंडात अशी एकच पेटी असली पाहिजे. रेडिओवर आपलं नाव येऊ दे, त्या ब्रसेल्सवाल्यांच्या कानात जाऊ दे." सगळ्यांनी हात वर केले. फेस्टसने तर दोन्ही.

हो, फेस्टस. इतकी वर्षं मी पत्रात हे नाव लिहिलं नाही, आज लिहिते आहे. तुझं टपाल ने-आणीचं काम ज्याला मिळालं, तो फेस्टस. आता त्याची मोठी नवी बोट आहे, आणि ती युरोपच्या पैशाने आली. धक्काही त्याच पैशाने झाला. तिथे निळी पाटी आहे, वर चांदण्यांचं रिंगण, आणि फेस्टस दर वसंतात ती स्वतः पुसतो. मार्चमध्ये तो बारमध्ये बोलून गेला होता, "ज्याने धक्का बांधला त्याच्याच तोंडावर दार आपटायचं, हे काही बरं नव्हे." मग लोकांचे चेहरे पाहून त्याने शब्द गिळले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने 'नाही, नाही' ओरडायला लागला.

बेटांवर मतदान आधी घेतात, म्हणजे हवा बिघडली तरी पेटी पोहोचते. जुन्या शाळेत झालं. पेटी फेस्टसच्याच बोटीतून गेली. पोलीस तिच्यावर हात ठेवून बसला होता आणि फेस्टस सुकाणूपाशी शीळ घालत होता.

मोजणीला कॅसलबारला मास्तर कॉलमन गेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढंच काम आहे. पेट्या उघडून कागद सरळ करतात, तेव्हा मास्तर कठड्याला पोट टेकून वाकून बघतात आणि कुठल्या पेटीत काय निघालं ते टिपतात. या देशात मत गुप्त असतं ते माणसाचं. गावाचं नसतं.

आम्ही सगळे दुकानात फोनभोवती जमलो होतो. मास्तरांचा आवाज आला, "सगळे 'नाही'." टाळ्या. मग ते खाकरले. "एक सोडून."

तो क्षण तू पाहायला हवा होतास रे. एकेक मान वळली, आणि सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

फेस्टस म्हणाला, "काय बघताय? मी 'नाही'वरच खूण केली."

मार्टी काउंटर पुसत म्हणाला, "तुला कुणी विचारलंय का?"

"आईच्या थडग्याची शपथ घेऊन सांगतो!"

"पेला संपला असेल तर दे इकडे," मार्टी म्हणाला, "धुवायचाय."

बेटावर काय करतात ते मी तुला सांगायला नको. कुणी अंगावर जात नाही, कुणी शिवी देत नाही. आज मासला फेस्टसच्या बाकावर तो एकटाच होता. दुपारी पलीकडच्या किनाऱ्यावर जायला निघालेल्या तिघी जणी त्याची बोट धक्क्याला लागलेली असताना पॅट्सीच्या नातवाच्या उघड्या होडीत बसून गेल्या, पावसात. तो हाका मारत होता. एकीनेही मागे पाहिलं नाही.

पत्र लांबलं. जपून राहा. तिथली पावाची लादी म्हणे कापसासारखी असते, जमलं तर सोडा घालून घरी पाव भाजत जा.

तुझी बहीण,
अट्रॅक्टा

ता.क. तो 'होय' माझा होता. पत्र वाचून चुलीत टाक.


इनिशडू बेट,
रविवार, १४ डिसेंबर २००८

प्रिय जार्लथ,

आशीर्वाद. नाताळची वाट न पाहता तू पत्र लिहिलंस, आणि तेही अख्खी एक ओळ! 'हे तू का केलंस?' बस. पण ओळ आहे, आणि ती मी चार वेळा वाचली.

का केलं ते सांगते. मला माहीत होतं की पेटीत एक 'होय' निघाला तर लोक कुणाकडे बघतील. मला माहीत होतं की विचारपूस होणार नाही, कारण आपल्याकडे ती होतच नाही. तुझी झाली होती का?

तुला हे सगळं माझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही. तू गेलास तेव्हा मी नुसती रडले, आणि रडून काही सांगता येत नाही. म्हणून आज ऐक. त्या सकाळी नौदलाची बोट आली आणि सगळ्यांची बेकायदा जाळी उचलून घेऊन गेली. तू समुद्रात नव्हतास, दाढ उपटायला पलीकडे गेला होतास. संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन आलास, तोवर चुगली तूच केलीस असा निकाल लागला होता. फेस्टसने बारमध्ये शपथ घेतली होती, आईच्या थडग्याची, की त्याने तुला पोलीस चौकीत शिरताना पाहिलं. मी म्हटलं, अरे तोंड उघडून दाखव त्यांना खड्डा. तू म्हणालास, "मी काय घोडा आहे, बाजारात तोंड उघडून दाखवायला?" तुझा तो ताठा! आणि पॅट्सी म्हणाला, दाढ काय, कधीही उपटता येते.

मग कुणी तुझ्या होडीला हात लावला नाही. रोज संध्याकाळी ती गोट्यांवरून वर ओढायला चार माणसं लागायची, आणि उरलो आपण दोघं. दोरीने माझे तळवे सोलून निघायचे. माणसं भिंतीला टेकून पाइप ओढत बघायची. ज्या रात्री वादळ आलं, त्या रात्री मी दारोदार गेले, मार्टीच्या बापाच्या दारात गुडघ्यांवर बसले. होडी खडकांवर फुटली, टपाल फेस्टसकडे गेलं, आणि तू इंग्लंडला.

नौदलाला फोन कुणी केला होता हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. मॅज गेली त्या हिवाळ्यात. फेस्टसची बायको, पण बाई सोन्यासारखी होती, आजारपणात मीच तिच्या उशाशी बसायचे. एक दिवस तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अट्रॅक्टा, फोन आमच्या घरातून गेला होता. त्याला टपाल हवं होतं. स्वतःचं एक कुजकं जाळं त्याने मुद्दाम जाऊ दिलं." आणि लगेच जपमाळ माझ्या हातात देऊन शपथ घ्यायला लावली, की मी हे कुणाला तोंडाने सांगणार नाही. मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणू? घेतली शपथ. तुला लिहून कळवते आहे ती हाताने, म्हणून मी मनाची समजूत घातली आहे. आणि शाळेतल्या त्या आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल होती. शपथ जिभेची होती, पेन्सिलीची नव्हती.

फादरना मी हे कन्फेशनमध्ये सांगितलेलं नाही. मत गुप्त असतं.

आता फेस्टसचं ऐक. बोट रिकामी जाते, रिकामी येते. पोत्यांनी आणि टपालाने काय भरणार? ऑक्टोबरात त्याने बटाटे काढले, एकट्याने. मॅजच्या पुण्यतिथीच्या मासला तो, फादर आणि मी. मी गेले ते मॅजसाठी. परत येताना तो माझ्या मागोमाग दारापर्यंत आला.

"अट्रॅक्टा, तू तरी मानतेस ना? मी 'नाही'च केलं होतं गं. देवाशप्पथ."

"आत ये, फेस्टस. चहा घे."

मी चहा दिला. साखर दिली नाही. तो दोन्ही हातांत पेला धरून बसला आणि म्हणाला, "न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगायची म्हणजे काय असतं, ते कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "एखाद्याला कळेल."

त्याने वर पाहिलं. वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल. नाही पडला. त्याला तुझं नावसुद्धा आठवलं नाही, जार्लथ. मला दया येत होती ती तिथेच आटली.

आणि आता टीव्हीवर सांगताहेत की पुढच्या वर्षी पुन्हा मतदान घेणार. ब्रसेल्सने दोन-चार आश्वासनं दिली म्हणे. मार्टी टीव्हीकडे बघून ओरडला, "'नाही' ऐकू येत नाही का रे तुम्हाला? बहिरे आहात?" पॅट्सी म्हणाला, या वेळी फेस्टसला मतदानाच्या दिवशी पलीकडेच ठेवायचं, बोटीसकट. माझ्या मनात आलं, सरकारने मला पुन्हा पेन्सिल दिली. पुन्हा एक 'होय' टाकला तर हा माणूस मरेपर्यंत सुटत नाही. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. अख्खी एक ओळ लिही.

अट्रॅक्टा


इनिशडू बेट,
रविवार, ४ ऑक्टोबर २००९

प्रिय जार्लथ,

तू लिहिलंस, 'पुरे कर आता.' ठीक आहे. तुझ्या शब्दाखातर मी या वेळी 'नाही'वर खूण केली. मनात म्हटलं, जाऊ दे, सुटू दे त्याला. आणि काय झालं ते वाच, आणि मग मला पुन्हा पुरे कर म्हण.

बँका बुडाल्या तशी इथली हवाच फिरली. पॅट्सीचे आणखी दोन नातू डब्लिनच्या बांधकामांवरून घरी आले, आता दिवसभर भिंतीवर बसून असतात. मार्टीची उधारी थकली. ज्यांनी गेल्या वर्षी युरोपच्या नावाने बोटं मोडली, तेच आता म्हणायला लागले, युरोपवाल्यांना दुखावून चालणार नाही, तेच काय ते तारतील. हॉलमध्ये सभा नाही, हात वर करणं नाही. प्रत्येक जण आपापला गेला आणि आपापला परत आला, कुणाच्या नजरेला नजर न देता.

काल दुपारी मी मार्टीकडे पीठ घ्यायला गेले होते. फोन वाजला. मास्तर म्हणाले, "आपल्या पेटीत 'होय' जास्त. 'नाही' थोडेच आहेत." मला वाटलं, आता भांडण जुंपणार. अरे, कसलं भांडण! सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग पॅट्सी, हाच पॅट्सी, कोपऱ्यात एकट्या बसलेल्या फेस्टसकडे वळला.

"फेस्टस, लेका, तू गेल्या वेळीच ओळखलं होतंस. आम्ही सगळे गाढव. बेटावर तू एकटा शहाणा."

"मार्टी, भर त्याचा पेला," दुसरा कुणीतरी म्हणाला. "माझ्या नावावर."

मी फेस्टसकडे बघत होते. इतके महिने हा माणूस दारोदार शपथा घेत फिरला होता. मला वाटलं, आता म्हणेल, बाबांनो, ते मत माझं नव्हतं. त्याने पेल्याकडे पाहिलं. पॅट्सीकडे पाहिलं. मिशी पुसली.

"होडीवाल्याला वाऱ्याचा अंदाज येतोच, पॅट्सी," तो म्हणाला.

माझं डोकं असं तापलं की पिठाची पिशवी हातातून सुटली. तुला त्यांनी इतक्या वर्षांत माफ केलं नाही, आणि याला एका पेल्यात! वर माझं मत चोरून!

"तो 'होय' माझा होता," मी म्हटलं.

हसले, जार्लथ. सगळे खदखदून हसले. मार्टी डोळे पुसत म्हणाला, "अट्रॅक्टाबाई, रांगेत उभ्या राहा. उद्यापर्यंत अर्धं बेट म्हणेल तो आमचाच होता!"

मॅजची शपथ जिभेच्या टोकावर आली होती. बोलले असते तर एका वाक्यात सगळं झालं असतं. पण त्याच क्षणी मला दिसलं की बोलायची गरजच नाही. हा गडी आपल्या पायांनी सापळ्यात चालत आलाय.

"बरं, फेस्टस," मी म्हटलं, "तुझा तर तुझा. पण मग गेल्या वर्षी याच जागी उभं राहून शपथ घेतलीस, की 'नाही' केलं म्हणून. ती खोटी होती?"

तो हसला. पोटात दोन पेले होते आणि लोक पुन्हा त्याच्याशी बोलत होते. "अगं, तेव्हा सगळे खवळले होते. त्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो."

"शपथसुद्धा घेतो?"

"शपथसुद्धा."

"आईच्या थडग्याची?"

"ती काय उठून जाब विचारायला येणार आहे?" त्याने आजूबाजूला पाहिलं. दोघं-तिघं हसलेही.

मी म्हटलं, "आमच्या जार्लथला पोलीस चौकीत शिरताना पाहिलंस, तेव्हाही आईच्याच थडग्याची शपथ घेतली होतीस. तुझ्याशिवाय त्याला कुणी पाहिलं नव्हतं."

मार्टीने नळ बंद केला. पॅट्सीचा पेला ओठांपर्यंत गेला होता, तो तसाच खाली आला. फेस्टसचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"ऐका, ऐका," तो म्हणाला, "ते मत माझं नव्हतंच. मी मघाशी उगाच फुशारकी मारली. मी 'नाही'च केलं होतं, आईच्या..." आणि थांबला. पुढचा शब्द त्याला उच्चारता आला नाही.

पॅट्सी फार हळू बोलला. "फेस्टस, त्या शपथेवर मी त्या पोराच्या होडीला हात लावायचं सोडलं."

फेस्टस काहीतरी पुटपुटला. टपाल, बायको आजारी, पोरं लहान, असं काहीबाही. कुणी त्याला अडवलं नाही आणि कुणी ऐकलंही नाही. मॅजला दिलेला शब्द मी पाळला. जिभेने मी फक्त प्रश्न विचारले.

मला आनंद झाला का? झाला. लपवत नाही. रात्री मी चुलीपाशी बसून एकटीच हसले, आणि मग एवढी रडले की कुत्रं उठून जवळ आलं. कारण घरी येताना लक्षात आलं, की फेस्टस खोटारडा होता हे खरं, पण भिंतीला टेकून पाइप ओढत उभा होता तो काही एकटा फेस्टस नव्हता. त्याने एक शपथ घेतली. बाकीच्यांना तेवढी पुरली.

आज मासनंतर पॅट्सी दारात आला, हातात टोपी घेऊन. मागे मार्टी, मास्तर, आणखी बरेच. "अट्रॅक्टा, जार्लथचा पत्ता दे," म्हणाला. "पत्र लिहायचंय."

"काय लिहिणार?"

"ते... लिहिता येईल काहीतरी."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना! पुन्हा कधीतरी येऊन विचार. आम्हालाही दोनदा विचारलं होतं." आणि दार लावून घेतलं.

ते पुन्हा येतील, मी त्यांना ओळखते. तेव्हाही पत्ता देणार नाही. तुला यायचं असेल तर एक ओळ टाक, वार आणि वेळ एवढीच. मी एकाएकाच्या दारी जाऊन सांगेन आणि सगळ्यांना धक्क्यावर उभं करीन, पॅट्सीला सगळ्यांत पुढे. कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, ते तू ठरव. एकाशीही बोलला नाहीस, सगळ्यांसमोरून सरळ घरी चालत आलास, तरी मी एक शब्द बोलणार नाही. उलट, तसाच ये.

वाट पाहणारी, आणि अजिबात न निवळलेली,
तुझी बहीण
अट्रॅक्टा